काठावरचा वाळा

“आधी पाणी, मग भांडण.”

कुणाच्याही ओटीवर पाय ठेवला की ते हेच म्हणायचे. चपला काढायच्या, डोक्यावरची कापडी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि हात पुढे करायचा. समोरचा माणूस शिव्या द्यायच्या तयारीत उभा असला तरी पाणी मागणाऱ्याला काय बोलणार? आतून तांब्या-भांडं यायचं. ते भांडं तोंडाला लावायचे आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवायचे. मग मिशा पुसून म्हणायचे, “हं. आता बोला.” तोवर समोरच्याचा निम्मा राग कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळायचं नाही.

तुम्ही म्हणाल, पाणी प्यायला त्यात काय एवढं? आमच्या गावात होतं एवढं. निडीहून रोह्याकडे जाताना आमचं गाव लागतं आणि गावाच्या अंगाला रंगाची कंपनी होती. कंपनी चालू होती तेव्हा आज कोणता रंग चाललाय ते आमच्या हातांवरून घरच्यांना समजायचं. पिवळा असला की माझी बायको म्हणायची, “आज हळद लागली वाटतं तुम्हांला.” हसायचो आम्ही! विहिरीच्या पाण्यावर तवंग यायला लागला तेव्हा कुठे हसू थांबलं. मग साहेब लोक यायला लागले. गाडीतून उतरताना एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात सीलबंद बाटली. विहिरीचं पाणी चांगलं आहे असा दाखला त्या फायलीत असायचा, आणि घोट घ्यायचा तो बाटलीतला. पुढे विहीर बुजवली, नळ आला, नळाचं पाणी चांगलंही होतं. पण साहेबांची बाटली काही सुटली नाही. त्यामुळे आमच्या ओटीवर बसून आमच्याच भांड्यातून पाणी पिणारा हा पहिला बाहेरचा माणूस. गावाने तेवढ्यावर त्यांना आपलं मानलं.

ते पेणचे. घराण्याची पूर्वी जमीन होती, आता सगळे मास्तर आणि वकील. हे एकटेच बागा आखायच्या धंद्यात पडले. गावात कुणी त्यांना नावाने हाक मारली नाही, ‘साहेब’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून ते झाले ‘पेणवाले’. मीही इथे तेच म्हणतो.

कंपनी बंद पडली आणि मागे राहिली जमीन. पडकी शेडं, खड्डे, पावसात जांभळी होणारी डबकी आणि वेडी बाभूळ. गुरं पण तिकडे तोंड करत नव्हती. मग वरून हुकूम झाला की ज्यांनी घाण केली त्यांनी ती निस्तरावी. मालकांनी पैसे काढले आणि काम पेणवाल्यांना दिलं. साहजिकच गावाला वाटलं, हा कंपनीचाच माणूस. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकही फुंकून पिणारच.

पहिल्याच सभेत बायजाआत्या उभी राहिली. आत्या माझी नात्याची नव्हे, गावाचीच आत्या. कंपनीने जमीन घेतली त्यात तिचा भाताचा तुकडा गेला होता. नवरा गेला, मुलगा गेला, आता नातू आणि नातसुनेजवळ राहायची. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “काय रं पेणवाल्या, बाग करतोस म्हनं. इखाची बाग? फुलं कुनाला वाहायची मंग?”

“आत्या, आधी पाणी,” हे म्हणाले, “मग भांडण.”

“पानी देते. पन पेणवरनं आलास आनि पापडबी नाय आनलेस?”

पुढच्या खेपेला त्यांनी पापड आणले. त्यानंतर दर खेपेला आणले. आत्या दर खेपेला म्हणायची, यात मीठ जास्त हाय.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या पापामुळे. मी त्या कंपनीत वीसेक वर्षं शिफ्ट केली, तीही टाक्या साफ करणाऱ्यांत. टाकीच्या तळाचा गाळ पिंपांत भरायचा आणि सुपरवायझर सांगेल तिथे पुरायचा, हे आमचं काम. सगळ्यात जास्त पिंपं पिंपळाच्या कोपऱ्यात गेली. पुढे तो पिंपळ वाळला, पण नाव राहिलं. कुठे काय पुरलंय ते सांगणारा माणूस त्यांना हवा होता. कुणीतरी माझ्या घराकडे बोट केलं.

पेणवाल्यांनी ओटीवर बसून पाणी मागितलं. मी म्हटलं, “पाणी देतो, पण भांडण कसलं आपलं?”

“तुम्ही मला खोटं सांगणार, मग मी चिडणार, मग भांडण.”

मी खोटं सांगितलं नाही. का कोण जाणे. त्यांच्याबरोबर गेलो आणि पायाने रेघा मारून दाखवलं, इथे चाळीस, इथे साठ, या कोपऱ्यात मोजली नाहीत. मला वाटलं आता हा माणूस माझ्याकडे काय नजरेने बघेल. ते पिंपळाच्या बुंध्याशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “मुकादम, उद्यापासून कामावर या.” मी मुकादम तेव्हापासून. त्याआधी मी कुणीच नव्हतो.

काम करायची त्यांची रीत काही निराळीच होती. कागद काढायचेच नाहीत. पंचायतीची मागची भिंत सारवून घेतली, पांढरी केली आणि त्यावर जमिनीचा नकाशा काढला, अगदी लहान मुलाने काढावा तसा. मग गावातल्या प्रत्येक घराला विचारलं, तुम्हाला इथे काय हवं? पोरांना क्रिकेट हवं होतं, म्हाताऱ्यांना कट्टा. बायकांना स्टेशनाकडे जायची आडवाट हवी होती आणि वाल वाळत घालायला खळं. जो तो उठून भिंतीवर खडूने काढत होता. तीन दिवसांत त्या भिंतीचा पार सत्यानाश झाला. मी म्हटलं, “पेणवाले, एवढं सगळं नाय मावायचं.”

“मावत नाही ना? मग आपापसांत भांडा. मी पाणी पितो.”

आणि खरंच, आठ दिवस गाव भांडलं. म्हातारे खळ्यासाठी मागे सरकले, क्रिकेटवाल्यांनी आडवाट दिली. कंपनीने आमच्याकडून एवढी वर्षं अंगठे घेतले, सह्या घेतल्या, पण तुम्हाला काय हवं हे काही विचारलं नव्हतं. तो आठवडा मला अजून आठवतो. बायका बोलायला लागल्या होत्या.

आत्याने मात्र भिंतीवर एकच चौकोन काढला, तिचा तुकडा होता तिथे. “माझं वाल,” म्हणाली.

पेणवाले तिच्याशेजारी बसले. “आत्या, तिथे वाल नाही लावता यायचा. दहा वर्षं तरी नाही.”

“धा वर्सांनी मी कुटं आसनार रं?”

“असाल. दहा वर्षांनी तिथे तुमचा वाल असेल आणि पहिल्या शेंगांची पोपटी लावायची. मडकं मी आणीन, भांबुर्ड्याचा पाला मुकादम आणेल. पहिली शेंग तुम्ही फोडायची.”

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पोपटी नसेल तर काय राहिलं? वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालून वर पेंढा पेटवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. त्या जमिनीवर पोपटी लागणं म्हणजे जमीन परत गावाची होणं, हे आम्हाला न सांगता समजलं. आत्या उठली. चौकोनात खडूने चार शेंगा काढून घरी गेली.

मग काम सुरू झालं. काठाकाठाने लाल मातीचा जाड थर टाकून वाट केली. सांडपाण्याच्या जुन्या चरात बोरू आणि लव्हाळा लावला, की पाणी गाळत गाळत पुढे जावं. आणि उरलेल्या सगळ्या जमिनीत रांगांनी वाळा. काठाच्या लाल मातीत वाळा, खड्ड्यांच्या बाजूने वाळा, आणि सगळ्यात दाट वाळा पिंपळाच्या कोपऱ्यात. त्यांनी गावाला गोळा करून समजावलं होतं. हे गवत मुळं खोल घालतं, जमिनीतलं विष मुळांत धरून ठेवतं. तीन वर्षांनी मुळासकट उपटायचं, बंद पिंपांत भरायचं, दूर पाठवायचं. मग पुन्हा लावायचं. असं करत करत जमीन साफ.

भिंतीवर नकाशाच्या वर त्यांनी स्वतः ब्रशने तीन ओळी लिहिल्या. ‘इथलं काही खायचं नाही. गुरांना घालायचं नाही. जाळायचं नाही.’ शाळेतली पोरं त्या ओळी पाढ्यासारख्या म्हणायची. मला आणि त्यांना केवढा अभिमान त्या तीन ओळींचा! लोक पाळतही होते. कुणाची गाय आत शिरली तर तिच्या मालकाला गावानेच धारेवर धरलं होतं.

त्या तीन ओळींत काय राहिलं होतं, ते तुमच्या लक्षात आलंय का? आमच्या नाही आलं. त्यांच्याही नाही.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. काठाची वाट नीट करताना पाच-सहा ठोंब उपटावे लागले. मुळं हातात आली आणि असा काही सुवास सुटला म्हणता! मी ती झटकली. लालच माती होती, नवी आणलेली. इथे कंपनीचं काही पोचलेलं नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पुरणाराच मी. मुळांची जुडी बांधली, घरी आणली, धुतली आणि पाण्याच्या मडक्यात सोडली. आपल्याकडे उन्हाळ्यात मडक्यात वाळा कोण घालत नाही? बायकोने विचारलं, “चालंल ना वं?” मी म्हटलं, “काठावरचा आहे. मला नको शिकवू.”

दुपारी गडी माझ्या ओटीवर पाणी प्यायले. वा मुकादम, म्हणाले, काय गार पाणी. आणखी एक भांडं मागून प्यायले. मी खूश.

आता सांगा, बाकीच्यांना काठ आणि कोपरा कुठे ठाऊक? त्यांनी एवढंच पाहिलं की मुकादमाच्या मडक्यात वाळा आहे. मुकादमाच्या घरी चालतं म्हणजे चालतं. साहेबांच्या फायलीतला दाखला आम्ही कधी मानला नाही. पण माझं मडकं गावाने दाखला म्हणून मानलं. आठवड्याभरात चार घरांत वाळा आला, मग वीस घरांत. ज्याला जिथे दाट दिसला तिथला त्याने उपटला. खाल्लं नाही, गुरांना घातलं नाही, जाळलं नाही. तिन्ही ओळी पाळल्या.

मला हे कळलं नाही असं मी म्हणणार नाही. वाळ्याच्या रांगांत खळगे दिसत होते. मी मनाला समजावलं की डुकरं उकरत असतील.

मे महिन्यात एका दुपारी ते आले. उन्हाने लाल झाले होते. मी बरोबर होतो. आत्याच्या ओटीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आत्या, आधी पाणी, मग भांडण. आज पापड विसरलो.”

आत्याची नातसून पाणी घेऊन आली. तिला सातवा महिना होता. पेणवाल्यांनी भांडं तोंडाला लावलं आणि अर्ध्यावर थांबले. मी त्यांना पाणी पिताना मध्ये थांबलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

“वाळा?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” आत्या म्हणाली. कौतुकाने म्हणाली. “तुजाच हाय. बग कसा गार हाय. ही पोर तर दुसरं पानीच पीत नाय.”

“कुठला, आत्या?”

“त्या पिंपळाच्या कोपऱ्यातला. थितं कसा ह्यो दाट हाय.”

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. सगळं. भांडं रिकामं करून खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या पोरीच्या पायांकडे बघत राहिले. पुढे मी त्यांना विचारलं होतं, कळल्यावर तरी का प्यायलात? चिडले. म्हणाले, “ती रोज पितेय, मुकादम. मी अर्धं ठेवू?”

मग ते उठले. स्वतः आत गेले, मडकं उचलून अंगणात आणलं आणि पालथं केलं. आत्या ओरडायला लागली. त्यांनी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आत्याला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने नातसुनेच्या पोटावर हात ठेवला.

“तूच लावलंस ना रं ते?” एवढंच म्हणाली.

“हो आत्या. मीच लावलं. आणि मडक्यात घालू नका हे सांगायचं मीच विसरलो.”

बाहेर आल्यावर माझ्याकडे वळले. “मुकादम, हे गावात पहिल्यांदा कुणी नेलं?”

“लोकांचं काय सांगता,” म्हटलं मी, “एकाचं बघून दुसरा करतो.”

“पहिला कोण?”

“नाय ठाऊक.”

ते घरोघर निघाले. मी म्हटलं, तुम्ही वरच्या आळीपासून सुरू करा, मी खालून येतो. आणि पळत घरी गेलो. मडकं मागच्या परसात नेऊन फोडलं, खापऱ्या उकिरड्यात पुरल्या. पुरायची सवय होतीच हाताला. बायको तोंडाला पदर लावून बघत राहिली.

वीसेक घरं झाली. प्रत्येक दारात तेच, मीच लावलं, मीच सांगायला विसरलो. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. गड्यांना ठाऊक होतं पहिलं मडकं कुणाचं, पण त्यांची मजुरी माझ्या हातात होती, ते कशाला बोलतील? शेवटी ते माझ्या घरी आले. पाणी मागितलं नाही. बायकोनेच स्टीलच्या हंड्यातलं आणून दिलं. ते प्यायले. पिता पिता त्यांची नजर कोपऱ्यातल्या तिवईवर गेली. तिच्यावर मडक्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ अजून वाळलं नव्हतं.

“मडकं कुठे गेलं, वहिनी?”

“फुटलं,” मीच बोललो.

“अरेरे,” ते म्हणाले. “चांगलं होतं.” आणि टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो. हो, खरंच पडलो. म्हटलं, मडकी फोडली, मुळं पिंपांत भरली, आता गप्प राहा. वर कळवलंत तर काम बंद पाडतील, सगळं पाण्यात जाईल. ते म्हणाले, “आणि त्या पोरीचं रक्त कोण तपासणार? तुम्ही की मी?” त्यांनी पत्र लिहिलं. पत्रात चूक कुणाची हे एका ओळीत लिहिलं होतं. स्वतःचंच नाव.

तपासणी झाली. पिंपांतली मुळं पाण्यात घालून पाहिली, त्या पाण्यात नको ते सापडलं. एक गाडी आली, सगळ्यांचं रक्त काढून घेऊन गेली. रिपोर्ट येतील म्हणाले. अजून यायचेत.

मग एक बैठक झाली. पैसे देणाऱ्यांकडून आलेला माणूस टेबलावर बाटली ठेवून म्हणाला की लोकांना जमिनीवर येऊ दिलं इथेच चुकलं. अशा जागेला कुंपण पाहिजे, गावकरी नकोत. पेणवाले तास-दीड तास बोलले. पाण्यात घालू नका एवढी एक ओळ राहिली, म्हणाले, ती माझी चूक, तिची शिक्षा गावाला कशाला? पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या महिन्यात चारी बाजूंनी उंच पत्रे लागले. आडवाट बंद, खळं बंद, पहिल्याच पावसात चर तुंबला, बोरू वाहून गेला आणि पाणी परत जांभळं आलं. मुळांनी भरलेली पिंपं न्यायला ट्रक येणार होता तो आलाच नाही. ती पिंपं पत्र्याच्या आत गंजतायत. मी आधी पुरलेल्यांच्या डोक्यावर.

मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं ना? पहिला वाळा मी नेला, मला हाकला, त्यांना काम करू द्या, एवढंच. मी दाराशी उभा होतो आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय का ते बघत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. त्यात चोर फाशी बघायला येतो की नाही ते कुणी सांगत नाही. मी गेलो होतो.

त्यानंतर ते गावात एकदाच आले. पंचायतीच्या भिंतीपाशी गेले. नकाशावर कुणीतरी शेण फासलं होतं. वरच्या तीन ओळी शाबूत होत्या. त्यांनी पिशवीतून रंग काढला आणि खाली चौथी ओळ लिहिली, ‘पाण्यात घालायचं नाही.’ अक्षर तिरपं आलं. आता कोण तिथे पाण्यात काय घालणार होतं? आत जायलाच वाट नव्हती. मी तसं म्हटलं तर ते ब्रश पुसत राहिले.

मग आत्याच्या घरी गेले. पापडांचा पुडा होता हातात. नातसून बाळंत होऊन घरी आली होती. मुलगा झाला होता, दिसायला गुटगुटीत. पण त्याला जरा ताप आला की आख्ख्या घराचा जीव टांगणीला लागायचा, अजून लागतो. आत्या त्याची नखं उजेडात धरून बघते, रंग आलाय का म्हणून.

ते ओटीच्या कडेला बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पण ते वाक्य काही म्हटलं नाही. थोडा वेळ कुणीच आलं नाही. मग नातू बाहेर आला, कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि परत येऊन त्यांच्यापुढे सीलबंद बाटली ठेवली.

“आजीनं सांगितलंय,” तो म्हणाला.

आत्या आत दाराआड उभी होती. तिने काही रागाने केलं नसेल. आपल्या घरचं पाणी देण्याचीच तिला भीती वाटत असेल. पण त्यांनी त्या बाटलीकडे बघितलं ते मी अजून विसरलो नाही. आमच्या गावात बाटली कुणाला देतात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी झाकण उघडलं. एक घोट घेतला, बाकीची तशीच ठेवली. पापडांचा पुडा उंबऱ्यावर ठेवून निघाले. मी स्टेशनापर्यंत बरोबर गेलो, लांबच्या रस्त्याने, कारण आडवाट बंद होती. वाटेत एकदा थांबले.

“मुकादम, तुम्हाला काही सांगायचंय का मला?”

“नाय,” मी म्हटलं. “मला काय सांगायचं असणार?”

“बरं,” म्हणाले. गाडी आली. गाडीत चढल्यावर टोपी काढून त्यांनी मला हात केला.

ते गेल्याचं मला तेरावं उलटल्यावर कळलं. मधल्या काळात फोन करावा असं रोज वाटायचं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. बातमी कळली त्या रात्री बायको म्हणाली, “आता तरी जा. त्यांला नाय तर त्यांच्या घरच्यांला तरी सांगा. माजंबी डोकं हलकं व्हईल.” मी सकाळच्या गाडीने पेणला गेलो. वाटेत सगळं पाठ केलं. पहिला वाळा मी नेला. काठावरचा होता, पण माझं बघून लोकांनी नेला. पेणवाल्यांची चूक नव्हती. एवढी तीनच वाक्यं. पोरं पाढा म्हणायची तशी म्हणत गेलो.

घर शोधावं लागलं नाही. दारात भेंडीचं झाड आणि शेजारी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, असं त्यांनी सांगितलेलं होतं. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, “मुकादम ना? या. आधी पाणी घ्या.”

मी खुर्चीवर बसलो. समोरच्या खुंटीला ती टोपी होती. त्यांनी भांडं आणून दिलं, समोर बसल्या. साधं नळाचं पाणी. मी अर्धं प्यायलो आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात त्याच बोलल्या. “तुम्ही आलात ते बरं झालं. एक विचारायचं होतं. ते शेवटी-शेवटी सारखं म्हणायचे, पहिला वाळा कुणी नेला ते मला ठाऊक आहे, पण तो स्वतः येऊन मला सांगेल. दारावर कुणी आलं की विचारायचे, तो आला का? मी म्हणायची, नाव तरी सांगा, मी बोलावून घेते. तर म्हणायचे, नाही, बोलावून नाही.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “तुम्ही तिथले मुकादम. तुम्हाला ठाऊक असेल. कोण हो तो?”

मी टोपीकडे पाहिलं.

“नाय वहिनी,” मी म्हटलं. “मला नाय ठाऊक.”

भांड्यात पाणी अजून निम्मं होतं. ते मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, भांडं खाली ठेवलं आणि उठलो.